कर्ली खाडीत होडीने एक दिवस : नेरूरपार ते देवबाग, गरी टाकत (मदत हवी आहे)

डोंबिवलीचो_झील

नमस्कार मंडळी,

माझे वडील सिंधुदुर्गातल्या, कर्ली खाडीकाठच्या वालावलचे. अठराव्या वर्षी मुंबईला आले, गिरणीत लागले. १९८२ च्या संपानंतर एका छापखान्यात गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. आता बहात्तर वर्षांचे आहेत. गावी जाणं होतं, पण ते गणपतीत आणि लग्नकार्यात. खाडीवर जाऊन गरवायचं, म्हणजे गरी (गळ) टाकून मासे धरायचं, मात्र पन्नास वर्षांत जमलं नाही. परवा बोलता बोलता म्हणाले, "एकदा नेरूरपारासून सुकतीबरोबर खाली जावक होया होता." (सुकती म्हणजे ओहोटी.) तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच चाललंय.

माझा बेत असा. माघी पौर्णिमा शनिवारी आहे. शुक्रवारी रात्री कोकणकन्येने निघून कुडाळला उतरायचं. रविवारी सकाळी ७ ला नेरूरपारच्या पुलाखालून होडीत बसायचं, मोटर न लावता पाण्याबरोबर वाहत, गरी टाकत, दुपारी १ पर्यंत देवबागला पोचायचं. नदी समुद्राकडेच जाते, तेव्हा वल्हवायचं कामही फार पडणार नाही असं माझं गणित. आम्ही चौघं : वडील, मी, बायको आणि बारा वर्षांचा मुलगा.

विचारायचं ते हे. होडी घ्यावी की कयाक? आमिष काय न्यावं? मासा कुठे लागेल? आणि वडिलांच्या वयाचा विचार करता कशाची काळजी घ्यावी?

तात्या_काळसे

तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. मी पलीकडच्या काठाचा, काळशाचा. बेत उत्तम आहे, पण दिवस चुकलाय आणि तो आताच बदला. रागावू नका, सविस्तर सांगतो.

नदी समुद्राकडे जाते हे खरं, पण नेरूरपारपाशी ती नदी राहिलेली नसते, खाडी असते. दिवसातून दोनदा तिचं पाणी उलटं, वर कुडाळच्या दिशेने चालतं. पौर्णिमेला आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण भरती दुपारी बाराच्या आसपास. म्हणजे सकाळी ६-७ ला पाणी तळाला गेलेलं असणार आणि तुम्ही होडीत बसायला नि भरती सुरू व्हायला एकच गाठ पडणार. दुपारपर्यंत सगळं पाणी तुमच्या तोंडावर. त्यात ते उधाणाचं पाणी, जोर मोठा. वल्हवून वल्हवून हात जातील आणि दुपारी १ ला तुम्ही फार तर वालावलच्या समोर असाल.

भरतीचा हिशेब तुमच्या वडिलांना ठाऊक असणार, विचारून बघा. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. अष्टमी, आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाला. नवमीला पावणेसात. दशमीला साडेसात. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून एक धरून मोजायचं. तिथून सव्वासहा तासांनी पूर्ण सुकती. हा हिशेब मुंबईकडे जास्त चपखल बसतो. आमच्याकडे समुद्रावर भरती मुंबईच्या थोडी आधी येते, पण ते पाणी खाडीतून वर नेरूरपारपर्यंत चढायला वेळ घेतं, त्यामुळे पुलाखाली हिशेब बऱ्यापैकी जुळतो. तरी निघायच्या आदल्या दिवशी छापील तक्ता बघा आणि पुलाच्या खांबावरची ओल बघा. खांब खोटं बोलत नाही.

आता तुमच्यासाठी योग्य दिवस : पौर्णिमा शनिवारी, तर तिथून नऊ दिवसांनी, सोमवारी, माघ वद्य नवमी, म्हणजे दासनवमी. पावणेसात-सातला पाणी पूर्ण चढलेलं, सूर्य नुकताच वर आलेला, आणि तिथून दुपारी १ पर्यंत सुकती. एक रजा टाकावी लागेल, पण टाका.

मतलई

तात्यांनी पाण्याचं सांगितलं, मी वाऱ्याचं सांगते. माझं सासर देवबाग, घरची होडी आहे.

माघात पहाटेपासून साधारण दहापर्यंत जमिनीवरून समुद्राकडे वारा असतो. त्याला मतलई म्हणतात, माझं इथलं नाव त्यावरूनच. थंड असतो, अंगावर काहीतरी घ्या. हा वारा पाठीवर घेऊन सुकतीबरोबर खाली यायचं हेच सुख. अकरानंतर वारा फिरतो आणि समुद्राकडून खाडीत शिरतो. तेव्हा पाणी खाली जातंय आणि वारा वर येतोय असं झालं की खाडी समुद्राला मिळते त्या संगमाजवळ आखूड, उभ्या लाटा उठतात. लहान होडीला त्या वाईट. म्हणून संगमापर्यंत जायचा हट्ट नको. कोर्जाईच्या समोर, देवबागच्या खाडीकडच्या बाजूला उतरा. तिथून चालत पाच मिनिटांत समुद्राची बाजू गाठता येते. आमचं गावच तेवढं रुंद आहे, एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या.

संगमावरचा वाळूचा पट्टा बघायचाच असेल तर दुसऱ्या दिवशी मोटरच्या बोटीने जा. २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला असं गावात सांगतात आणि तेच नाव त्याला पडलंय. तिथे पर्यटकांची गर्दी असते, गरवायला काही अर्थ नाही.

डोंबिवलीचो_झील

तात्या, मतलईताई, मनापासून आभार. वडिलांना वाचून दाखवलं. पाऊणपटीचं वाक्य मी पूर्ण करायच्या आत त्यांनी "पावणेसात" म्हणून उत्तर दिलं. मग माझ्याकडे असं पाहिलं की इतकी साधी गोष्ट मला कशी माहीत नाही. त्यांनी ती कधी सांगितली नव्हती आणि मी कधी विचारली नव्हती.

सोमवारची रजा टाकली. एक शंका आहे. नवमी म्हणजे भांगाचं पाणी ना? मग सुकतीला ओढ कमी असेल. वाहत जाणं होईल का?

तात्या_काळसे

बरोबर पकडलंत. भांगाला पाणी कमी चढतं, कमी उतरतं, ओढ मंद. नुसतं बसून राहिलात तर दुपारी १ ला देवबाग येणार नाही, अधूनमधून वल्हं मारावं लागेल. पण तुम्हाला गरवायचंय ना? मग मंद पाणीच हवं. उधाणाला ओढ एवढी असते की गरीला वजनासाठी लावलेलं शिसं तळाला टिकत नाही, पाणीही गढूळ होतं. भांगाला पाणी निवळतं आणि तंगूस, म्हणजे गरीचा दोर, सरळ खाली जातो. बहात्तरीच्या माणसाला होडीत बसवून न्यायचं तर मी भांगच निवडेन. दशमीवर ढकललंत तर सुकती पावणेदोनपर्यंत चालणार आणि शेवटचे अडीच-पावणेतीन तास वाऱ्याच्या तोंडावर. नवमी ठेवा.

पॅडलपुणे

मी तीन हिवाळे कयाक घेऊन कोकणातल्या खाड्या फिरलोय, म्हणून दोन शब्द. बाकी वेळी मी सगळ्यांना कयाकच सुचवतो. उथळात चालते, आवाज नाही, कांदळाच्या (खारफुटीच्या) मुळांपाशी अलगद जाता येतं. पण तुमच्या बाबतीत होडी. कयाकमध्ये पाय लांब करून, पाठीला आधार नसताना पाच-सहा तास बसावं लागतं. तरुणांच्याही कमरा धरतात. शिवाय आमिष लावायचं, मासा काढायचा, गरी सोडवायची, हे सगळं मांडीवर करावं लागतं.

मुलाला हौस असेल तर एक कयाक होडीच्या मागे दोरीने बांधून घ्या. शांत पट्ट्यात त्याला वीस मिनिटं फिरू द्या.

लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या मापाचं, आणि पूर्ण वेळ अंगात. होडीच्या तळाला ठेवलेलं जॅकेट कुणाच्याही कामाचं नसतं. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, किनाऱ्यापासून फार लांब नव्हते. मुलाच्या जॅकेटला मांडीतून जाणारा पट्टा असलेलंच घ्या, नाहीतर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर सरकतं आणि मूल खाली राहतं. घरूनच न्या, तिथे मापाचं मिळेल या भरवशावर राहू नका.

गाबोळी

आमिषाचा प्रश्न सगळ्यांनी सोडून दिलो, तो माका घेवक देवा.

खाडीत गरवायचं तर जिवंत सुंगटापुढे, म्हणजे कोळंबीपुढे, काही नाही. बाजारातलं बर्फातलं आणू नका. होडीवाल्याला आदल्या संध्याकाळी सांगून ठेवा, तो पहाटे पाग (फेकायचं जाळं) मारून मूठ-दोन मूठ सुंगटां काढून बादलीत ठेवील. गरी लावताना सुंगटाच्या डोक्यात जो काळा ठिपका दिसतो तो टाळायचा. पुढच्या काट्याच्या मुळाशी, अगदी वरवर, आरपार घालायची. ठिपक्यात घुसली की सुंगट तिथल्या तिथे मेलं. नीट लावलेलं अर्धा तास पाय मारत राहतं, आणि त्या पायांच्या हालचालीवरच तांबोशी हा मासा येतो.

तांबोशीला जागा : कांदळाची मुळं पाण्यात उतरलेली, बुडालेली लाकडं, दगडी बांध, आणि जिथे एखादा व्हाळ (ओढा) खाडीला मिळतो ते तोंड. सुकती सुरू झाली की व्हाळातलं बारीक चिंगूळ, पिल्लं बाहेर येतात आणि तांबोशी तोंडाशी थांबलेली असते. पहिले दोन तास सोन्याचे. लागली की आधी तिचं डोकं मुळांपासून फिरवा, ती सरळ आत धावते आणि तंगूस कापते. तिला कधी ढील देऊ नका.

काळुंदरासाठी वेगळं. त्याचं तोंड लहान, गरी बारीक हवी. शेवाळ खाणारा मासा, त्याला तांदळाच्या पिठाचा नि कणकेचा घट्ट गोळा चालतो, गांडूळही चालतं. वाळूच्या पट्ट्यावर मुडदुशी, तिला सुंगटाचा सोललेला तुकडा.

आणि शिंगाळ्यापासून सांभाळा. आमच्याकडे शेंगटी म्हणतात. पाठीवर एक नि दोन बाजूंना दोन असे तीन काटे, करवतीसारखे आणि विषारी. मुलाच्या हातात देऊ नका. फडक्यात धरून, गरी निघत नसेल तर तंगूस कापून सोडून द्या. काटा लागलाच तर सोसवेल एवढ्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, त्या विषाला उष्णता सोसत नाही. मग डॉक्टर. थर्मासमध्ये गरम पाणी ठेवा, चहालाही होईल.

पुळणीवरची

मी रत्नागिरीकडची. आमच्यावर आलेला प्रसंग सांगते, कुणाला घाबरवायचं म्हणून नाही, पण तो लिहायलाच हवा असं वाटतंय.

दोन वर्षांपूर्वी आम्ही पाच जण आणि माझी आठ वर्षांची मुलगी, एका खाडीत भाड्याच्या दोन कयाक आणि एक होडकं घेऊन गेलो. देणाऱ्याने पैसे घेतले, जॅकेटं दिली, "दोन तासांनी या" म्हणाला. सुकती आहे की भरती, काही सांगितलं नाही. दोन जॅकेटांच्या कड्या तुटलेल्या, सुतळीने बांधल्या. कांदळातून आत जाणारा एक सुंदर व्हाळ दिसला. दोन्ही बाजूंनी फांद्या डोक्यावर आलेल्या, हिरवा उजेड, खंड्या पक्षी. आम्ही आत गेलो. पाऊण तासाने मागे वळलो तर वाट नव्हती. पाणी निघून गेलं होतं. पुढे नुसता काळा चिखल, त्यात कांदळाची मुळं आणि त्यांना चिकटलेली कालवं. नवरा होडकं ढकलायला उतरला तो मांडीपर्यंत रुतला. बाहेर ओढताना त्याचा तळपाय कालवांनी चिरला.

साडेचार तास आम्ही तिथे होतो. प्यायला दोन बाटल्या. मुलगी आधी रडली, मग झोपली. ते झोपणं मला रडण्यापेक्षा जास्त भीतीचं वाटलं. भरती आली तेव्हा अंधार पडत होता. होडकं पहिल्यांदा जरासं हललं त्या क्षणी कुणी काही बोललं नाही, सगळे लाकडाला हात लावून बसले होते.

व्हाळात शिरायचं तर भरतीबरोबर, पाणी चढत असताना. सुकतीत कधीच नाही. तुम्ही सुकतीबरोबरच निघणार आहात, म्हणून तोंडावर थांबा, गरवा, पण आत जाऊ नका, कितीही सुंदर दिसलं तरी.

मतलई

ताई, वाचून अंगावर काटा आला. तुमची मुलगी आता पाण्याला घाबरते का?

पुळणीवरची

सुरुवातीला वर्षभर घाबरायची. आता मीच तिला भाट्याच्या पुळणीवर घेऊन जाते, पण आधी दोघी मिळून भरतीची वेळ काढतो. तिला आता पाऊणपट येते.

कवठीकाठ

एक महत्त्वाची गोष्ट राहिली आहे. वाळू.

कर्लीच्या दोन्ही काठांना, सरंबळ, वालावल, कवठी, चेंदवण, पलीकडे काळसे, आंबेरी, देवली, वाळू उपसण्याचा व्यवसाय वर्षानुवर्षं चालत आलाय. पूर्वी हातपाटीने काढायचे. माणूस बुडी मारून पाटी भरून वर द्यायचा, काम कष्टाचं, पण खाडीला सोसणारं. पुढे यंत्रांनी उपसा व्हायला लागला आणि तळाला खड्डे पडले. कमरेएवढ्या पाण्यातून चालताना पुढच्या पावलाला दोन पुरुष खोल असू शकतं. काठ ढासळले, माडांच्या बागा पाण्यात गेल्या, काठच्या विहिरी मचूळ झाल्या. आमच्या स्वतःच्या विहिरीचं पाणी मी लहानपणी प्यायलोय, आता ते झाडांनाही घालता येत नाही.

म्हणून सांगतो, तुमच्या वडिलांना जो तळ आठवतोय तो तळ आता नाही. "हंय पाणी गुडघ्याएवढा" असं ते म्हणाले तरी मुलाला उतरवू नका. होडीवाला सांगेल तिथेच उतरा. वाळूत उतरलात तर पाय उचलून टाकू नका, घासत चाला. पाकट वाळूत अंग पुरून बसते, पाय घासत आला की निघून जाते, वर पडला तर शेपटीचा काटा मारते.

आणि पुलाच्या वरच्या बाजूला, कुडाळकडच्या गोड्या पाण्यात मगर दिसल्याचं लोक सांगतात. तुम्ही खालच्या दिशेने जाताय, खारं पाणी वाढत जाणार. तरी पहाटे अंधारात काठावर हातपाय धुवत बसू नका.

डोंबिवलीचो_झील

वाळूचं वाचून वडील बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, कवठीच्या वळणावर काठाला एक मोठं उंडल होतं, त्याची एक फांदी पाण्यावर आडवी गेलेली. त्या फांदीवर बसून ते आणि त्यांचा धाकटा भाऊ गरवायचे. ते झाड आहे का? कुणाला माहीत असेल तर सांगा. काका गेल्या वर्षी वारले.

होडीसाठी कुणाला विचारावं? कुणाचं नाव-नंबर इथे टाकू नका, निरोपात कळवा.

मतलई

निरोप पाठवलाय. होडीवाले गाबीत, म्हणजे मासेमार घरातले आहेत, साठीचे, आयुष्य या खाडीत गेलंय. भाडं ते एकदाच सांगतात, ते द्या. पहाटे चारला उठून सुंगटां काढणार, होडी वरपर्यंत आणणार, दिवस मोडणार. मासे तुमचे, पण त्यांच्या घरासाठी वाटा काढायचा, ही इथली रीत.

खाडीत कांडाळी (जाळी) लावलेल्या असतील, तरंगणारे बोयरे दिसतील. त्यावरून होडी नेऊ नका, त्यांच्या जवळ गरीही टाकू नका. कुणाची तरी त्या दिवसाची कमाई असते ती.

आणि तिकिटं आजच काढा. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख एकदा जाहीर झाली की कोकणकन्या, तुतारी, काही मिळणार नाही. ती जत्रा तिथीवर ठरत नाही, देवीचा कौल होईल तेव्हा. माघ-फाल्गुनातच येते बहुतेक.

डोंबिवलीचो_झील (तीन आठवड्यांनी)

जाऊन आलो. सगळं लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

रविवारी संध्याकाळी वालावलला पोचलो. लक्ष्मीनारायणाच्या देवळात जाऊन तळ्याच्या पायरीवर बसलो. वडिलांनी तिथेच खिशातून तंगूस आणि गऱ्या काढल्या. डोळ्यांना आता दिसत नाही, मी बांधून देतो म्हटलं. त्यांनी मान हलवली. तंगूसाचं टोक गरीच्या डोळ्यातून घातलं, स्वतःभोवती पाच वेढे दिले, टोक मागच्या फासातून काढलं, गाठ ओठांत धरून थुंकीने ओली केली आणि दातात टोक धरून हळूहळू ओढली. वेढे एकावर एक सरकत गरीपाशी जाऊन बसले. पुन्हा बोटाने चाचपून बघितली. सहा गऱ्या बांधल्या, एकदाही चष्मा लावला नाही. माझा मुलगा समोर बसून बघत होता, त्याने सातवी बांधली. वडिलांनी ती ओढून पाहिली, सुटली. परत बांधली, राहिली.

सकाळी साडेसहाला पुलाखाली. थंडी चांगलीच होती. होडीवाले काका आधीच आलेले, बादलीत सुंगटां. निघायची घाई करेनात. खांबाकडे बघत विडी ओढत बसले. आंब्याचं एक सुकं पान वरच्या दिशेने जात होतं, अगदी सावकाश. मग ते थांबलं. एकाच जागी स्वतःभोवती फिरायला लागलं. आम्ही सगळे त्या पानाकडे बघत होतो. तीन-चार मिनिटं गेली असतील, आणि पान खाली सरकायला लागलं. वडील म्हणाले, "पाणी फिरला." काका उठले. सात वाजून पाच मिनिटं झाली होती.

पहिला तास कुणी काही बोललं नाही. मतलई पाठीवर होती, पाणी एवढं गुळगुळीत की दोन्ही काठांचे माड उलटे दिसत होते. गाबोळींनी सांगितलं तसं एका व्हाळाच्या तोंडाशी, वीसेक हात लांब नांगर टाकला. दहा मिनिटांत बायकोच्या गरीला ओढ लागली, तिने दम धरला, ढील दिली नाही. तांबोशी, होडीतल्या तराजूवर सव्वा किलो. तांबूस-तपकिरी खवले, पोटाकडे फिकी, आणि पुढचे दोन सुळे कुत्र्यासारखे. पुढच्या अर्ध्या तासात अजून एक, पण वीतभर. वडिलांनी ती हातात धरली, "हीका वाढांदे" म्हणून पाण्यात सोडली. मुलाने दोन मुडदुशा काढल्या. शेंगटी चार लागल्या, दोनदा तंगूस कापावा लागला, थर्मासचं पाणी चहाच्याच कामी आलं.

वालावलच्या खाली काकांनी होडी काठाला घेतली. डब्यात उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा. खारातली कैरी त्यांच्या घरची. वडिलांनी दोनदा पेज मागून घेतली, घरी ते एक वाटीही पूर्ण करत नाहीत.

वडिलांचं मन काळुंदरावर होतं. त्यांनी कणकेचा गोळा घरूनच आणलेला, त्यात काय घातलं होतं ते सांगितलं नाही. शिसं न लावता, नुसती बारीक गरी काठाच्या दगडांपाशी सोडून बसले. तासभर काही नाही. मी दोनदा पुढे जाऊ म्हटलं, काकांनी मला डोळ्याने गप्प केलं. मग त्यांचं मनगट अगदी थोडं, घड्याळ बघतो तेवढंच, वळलं. वर आलं ते तळहाताएवढं काळुंदर. हिरवट काळं, अंगभर मोत्यासारखे ठिपके, पाठीचे काटे ताठ. त्यांनी ते दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघितलं. लागोपाठ पाच काढले.

कवठीचं वळण आलं. उंडल नाही. काठच मागे गेलाय, जिथे झाड होतं म्हणतात तिथे आता पाणी आहे. वडिलांनी काकांना होडी थोडी थांबवायला सांगितली. गरी टाकली नाही. पाच मिनिटांनी "चला" म्हणाले.

चेंदवणच्या पुढे वारा फिरला, अकरा वाजून गेले होते. मतलईताई, तुम्ही म्हणालात तस्संच. होडीचं तोंड थडथडायला लागलं, काकांनी वल्हं मला दिलं आणि स्वतः मागे बसले. तो शेवटचा पाऊण तास कष्टाचा गेला. पावणेएकला कोर्जाईच्या समोर उतरलो. ताईंच्या घरी तांबोशीचं तिरफळ घातलेलं तिखलं आणि काळुंदर तव्यावर. वाटा काढून दिला.

झालेली एक चूक लिहितो, पुढच्यांना उपयोग होईल. उन्हासाठी टोप्या नेल्या, पण पाण्यावरून परतणारं ऊन लक्षात आलं नाही. मुलाची हनुवटी आणि गळा खालून भाजला. गळ्याला फडकं बांधा.

गाबोळी

पाच काळुंदरां एका जाग्यार! त्या गोळ्यात काय होता ता बापाशीक इचारून सांगा, मी कोणाक सांगूचंय नाय.

पॅडलपुणे

मुलाने बांधलेली सातवी गरी वापरली का?

डोंबिवलीचो_झील

दुसरी मुडदुशी तिच्यावरच.

गोळ्याचं विचारलं. वडील म्हणाले, "गाबोळीक सांग, सुंगटांची सोडां भाजून कुटून घाल." एवढंच बोलले.

कवठीकाठ

मी थोडे दिवस इथे नव्हतो, उत्तर द्यायला उशीर झाला. उंडल माझ्या आजोबांच्या बागेतलं. काठ ढासळत गेला आणि एका पावसाळ्यात, रात्री, ते मुळासकट खाडीत पडलं. ओढून काढायचा प्रयत्न केला होता, निघालं नाही. फांद्या छाटून नेल्या, बुंधा तिथेच राहिला. आता तो आडवा पाण्याखाली आहे, अर्धा वाळूत रुतलेला. तुम्ही ज्या वेळी तिथून गेलात तेव्हा त्यावर बरंच पाणी असणार, म्हणून दिसला नाही. उधाणाच्या सुकतीत शेवटचा तास-दीड तास त्याची पाठ वर येते.

वडिलांना सांगा, त्या बुंध्याखाली तांबोशा राहतात. माझी मुलं तिथेच गरवतात. अमावास्येला किंवा पौर्णिमेला या, संध्याकाळी साडेचार-पाचला, आमच्या बागेतून चालत खाली उतरता येतं, होडी नको. गरी लाकडाला अडकते, दहा-बारा जास्तीच्या बांधून आणा.